फैज फझलले एकच मॅच काहून भेटली? नशीब म्हणाचं का सिलेक्शन?

वावरवाला_दर्यापूर

राजेहो, 2026 च्या टी-20 वर्ल्डकपची टीम लागली तवापासून डोक्यात हेच चालू हाय, म्हून इथं टाकून रायलो. कीपर-बॅट्समन जितेश शर्माचं नाव नाई. आपल्या अमरावतीचं पोट्टं, सप्टेंबरात आशिया कपच्या टीममंधी होतं, नोव्हेंबरात होबार्टले ऑस्ट्रेलियासमोर 13 बॉलमंधी 22 नॉटआऊट मारून मॅच काढून देल्ली, डिसेंबरात आफ्रिकेच्या सिरीजमंधी कीपिंग करून रायला, अन् 20 डिसेंबर 2025 ले टीम सांगतली तं त्यात तो कुठंच नाई. रातभर तुरीच्या वावरात ओलीताले होतो, लाईन रातचीच येते आमच्याकडे, मोबाईलवर तेच वाचत बसलो.

मंग आठोलं फैज फझलचं. नवीन पोट्ट्याईले माहीत नसन म्हून सांगतो. 15 जून 2016, हरारे, झिम्बाब्वेसंग तिसरी वनडे. झिम्बाब्वे 123 वर ऑलआऊट, आपला फैज ओपनिंगले गेला के.एल. राहुलसंग, राहुल नॉटआऊट 63, फैज नॉटआऊट 55, दहा विकेटनं मॅच खतम. त्याच्यानंतर फैज इंडियाकडून परत कधीच नाई खेळला. एक मॅच, त्यात पन्नास, अन् त्याले आऊट कोणी केलंच नाई, म्हंजे सरासरी मांडाची म्हणलं तं मांडता बी येत नाई. त्याच माणसानं पुढं कॅप्टन बनून विदर्भाले दोन वर्ष लागोपाठ रणजी जिंकून देल्ली अन् 2024 मंधी रिटायर झाला.

मले खरंच समजून घ्याचं हाय. एखाद्याले पाच-पाच सहा-सहा वेळा फेल होऊन बी चान्स भेटत रायते अन् एखाद्यानं पास होऊन बी त्याचा दरवाजा बंद. याले काय म्हणाचं? नशीब? का मुंबई-दिल्लीचं राजकारण, जे आमच्या पारावर सगळे म्हणतात? कोणी क्रिकेट नीट पायणारा असन तं सांगा भाऊ.

नागपुरी_थर्डमॅन

भाऊ चांगला विषय काढला. पारावरचं राजकारण मी पूर्ण खोटं म्हणत नाही पण जितेशच्या बाबतीत ते लागू होत नाही, नीट बघा काय झालं.

जितेश टीममध्ये आला कसा? शुभमन गिल टी-20 मध्ये ओपनर म्हणून परत आला म्हणून. गिल वर आला की संजू सॅमसन खाली ढकलला गेला, आणि खालच्या नंबरवर संजूपेक्षा जितेश जास्त कामाचा, सहा-सातवर येऊन पहिल्या बॉलपासून मारणारा, म्हणून कीपिंगचे ग्लोव्हज जितेशच्या हातात आले. आता वर्ल्डकपच्या टीममधून गिललाच काढलं. मग संजू परत ओपनिंगला, तोच कीपर, आणि दुसरा कीपर पण वरच खेळणारा पाहिजे म्हणून ईशान किशन. ईशाननं त्याच आठवड्यात सय्यद मुश्ताक अली ट्रॉफीच्या (राज्यांची टी-20 स्पर्धा) फायनलमध्ये झारखंडसाठी शतक मारलं होतं, त्यामुळे त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडात होतं. म्हणजे जितेशनं काय वाईट केलं? काहीच नाही. फॉर्म गेला गिलचा आणि जागा गेली जितेशची.

माझं मत असं आहे की इंटरनॅशनल क्रिकेटमध्ये ज्याला आपण नशीब म्हणतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाची तरी जागा असते. तुम्ही कितीही चांगले असा, तुम्ही ज्या जागेवर खेळता तिथे कोण उभा आहे आणि तो कधी हलतो यावर सगळं चालतं. फैजचं पण तेच. 2016 च्या त्या झिम्बाब्वे टूरला कोहली, रोहित, धवन सगळे आराम करत होते. ते नव्हते म्हणून फैजला जागा मिळाली आणि ते परत आले म्हणून गेली, ओपनिंगला रोहित-धवन असताना तिसऱ्यालाच बाकड्यावर बसावं लागायचं तिथे तिशीतल्या चौथ्याला कोण बोलावणार. त्यानं 55 च्या जागी 155 केले असते तरी पुढच्या सिरीजला रोहितला कोणी काढलं नसतं, हे कडू आहे पण खरं आहे.

काकाजी_पुसद

थर्डमॅन, तुमची जागेची गोष्ट बराबर हाय, मी त्यात एक भर घालतो. नोव्हेंबर 2008, जामठ्याचं स्टेडियम नवीन कोरं, तिथली पहिली टेस्ट, ऑस्ट्रेलिया. आमी गावाकडचे चौघं जण एसटीनं नागपूरले गेलतो अन् वर्धा रोडनं पुढं जामठ्याले. सगळ्याईले गांगुली पाहाचा होता, त्याची शेवटची टेस्ट होती ना. पहिल्या इनिंगमंधी त्यानं 85 मारले, सगळं स्टेडियम म्हणे शंभर होणार, शंभर होणार, अन् दुसऱ्या इनिंगमंधी पहिल्याच बॉलवर बॉलरच्याच हातात कॅच देऊन शून्यावर गेला. शेवटी धोनीनं काही ओव्हर कॅप्टनशिप त्याच्या हातात देल्ली ते बी डोळ्यानं पायलं, आजही आठोते.

पण मले सांगाचं हाय त्या बॉलरबद्दल. जेसन क्रेझा नावाचा ऑफस्पिनर. पहिल्या तीन टेस्ट बाहेर बसून होता अन् नागपूरले पदार्पण. पहिल्या इनिंगमंधी 215 रन देऊन 8 विकेट, दुसऱ्यात अजून 4. बारा विकेट! सेहवागनं मारला, धोनीनं मारला, पण त्या गड्यानं बॉल वर टाकाचं सोडलं नाई, मार खाल्ल्यावर पुढचा बॉल अजून उंच, अजून हळू, बॅट्समनले बोलावून रायला की मार. आमच्या स्टँडमंधली माणसं पयले हासून रायली होती, संध्याकाळपर्यंत टाळ्या वाजवून रायली होती. शेन वॉर्न रिटायर झाल्यापासून ऑस्ट्रेलियाले स्पिनर भेटत नव्हता, म्हणजे तुमच्या हिशोबानं जागा तं सताड मोकळी होती. तरी बी झालं काय? त्याची पुढची टेस्ट पर्थले दक्षिण आफ्रिकेसंग, तिथं आफ्रिकेनं 414 चा पाठलाग करून मॅच मारली, क्रेझाले साऱ्या मॅचमंधी एकच विकेट, अन् तीच त्याची शेवटची टेस्ट. दोन टेस्ट, तेरा विकेट, संपलं. त्याच्या जागी हॉरिट्झ नावाचा दुसरा स्पिनर आला.

म्हून म्हणतो बाबू, जागा मोकळी असूनही भागत नाई, जागा भेटल्यावर जी दुसरी मॅच कुठं होते त्यावर बी असते. पर्थच्या पीचवर ऑफस्पिनरनं काय करावं? तोच दुसरी टेस्ट दिल्ली नाईतं कानपूरले खेळला असता तं आज त्याचं नाव पोट्ट्याईले माहीत असतं.

यवतमाळ_एक्सप्रेस

सगळे नशीब-नशीब करून रायले पण मले पटत नाई पूर्ण. करुण नायर पाहा ना. 2016 डिसेंबर, चेन्नई, इंग्लंडसमोर 303 नॉटआऊट. सेहवागनंतर इंडियाचा दुसराच माणूस तीनशे मारणारा. पुढच्याच टेस्टले बांगलादेशसमोर हैदराबादले बाहेर, काहून की रहाणे फिट होऊन आला. तिथपर्यंत मी मानतो, अन्याय झाला, तीनशे मारलेल्या माणसाले पाणी घेऊन पळवलं. मंग ऑस्ट्रेलियासमोर चार इनिंग भेटल्या, त्यात सगळ्यात मोठा स्कोअर 26. मंग 2018 मंधी इंग्लंडच्या टूरवर पूर्णवेळ टीमसंग होता अन् शेवटच्या टेस्टले मागून बोलावलेला हनुमा विहारी खेळला, हे बी वाईटच झालं.

पण मंग नशीबानं परत दार उघडलं का नाई? 2022 मंधी कर्नाटकनं काढलं, तवा त्यानं जाहीर लिहिलं होतं क्रिकेटले, का मले अजून एक चान्स दे. आपल्या विदर्भानं त्याले घेतलं. 2024-25 च्या विजय हजारे ट्रॉफीमंधी (राज्याईची वनडे स्पर्धा) 779 रन, पाच शतकं, आठ इनिंगमंधी फक्त दोनदा आऊट, सरासरी 389.50. रणजी फायनलमंधी केरळसमोर जामठ्याले 86 अन् 135. अन् मंग जून 2025, लीड्स, आठ वर्षानंतर इंडियाची टोपी. आमच्या गावात तवा पेरणीची घाई, तरी पोट्टे मोबाईल मेडीले टांगून मॅच पाहून रायले होते. चार टेस्ट भेटल्या. आठ इनिंग. 0, 20, 31, 26, 40, 14, 57, 17. एकूण 205. सांगा आता, पयला शून्य सोडला तं सातही वेळा तो सेट होऊन आऊट झाला. लॉर्ड्सच्या दुसऱ्या इनिंगले तं बॉल सोडून एलबीडब्ल्यू. इथं कोणाची जागा, कोणाचं राजकारण? दोन टेस्टले तं तिसऱ्या नंबरची जागा त्याच्याच हातात होती. मले करुण भाऊ आवडते, विदर्भाले त्यानं जे देल्लं ते कधी विसरणार नाई, पण चान्स भेटला नाई असं म्हणून आपण त्याचीच किंमत कमी करतो असं मले वाटते. त्याले चान्स भेटला, त्यानं मेहनतीनं कमावला, अन् तिथं बॉल हलून रायला होता त्याले उत्तर नाई सापडलं.

नागपुरी_थर्डमॅन

यवतमाळ भाऊ, आकडे बरोबर आहेत. पण एक सांगा, 25 व्या वर्षी तीनशे मारणाऱ्याला त्याच वेळी सलग दहा टेस्ट मिळाल्या असत्या, घरच्या पीचवर, तर तो शिकला असता ना. त्याला परत बोलावलं 33 व्या वर्षी, इंग्लंडमध्ये, आणि तेव्हा प्रत्येक इनिंग शेवटची असल्यासारखी खेळावी लागली. 30-40 वर आऊट होणं ही मला तरी त्याचीच खूण वाटते, माणूस 30 ला पोचला की मोठं करायच्या दडपणात येतो. मी माझ्या मतावर ठाम आहे, त्याची वेळ 2017 मध्ये होती आणि ती दुसऱ्याला दिली गेली.

सावनेरची_ताई

मी जरा वेगळं लिहिते, सगळे पुरुषांच्याच टीमबद्दल बोलून राहिले म्हणून.

नशीब बघायचं असेल तर 2025 चा महिला वर्ल्डकप बघा. प्रतिका रावल पूर्ण स्पर्धेत रनांचा रतीब घालत होती, बांगलादेशच्या मॅचमध्ये नवी मुंबईला फिल्डिंग करताना तिचा पाय मुरगळला आणि सेमीफायनलच्या आधी ती बाहेर. शफाली वर्मा मूळ टीममध्येच नव्हती, राखीवमध्ये पण नव्हती, ती घरच्या स्पर्धा खेळत होती. तिला बोलावलं, आणि 2 नोव्हेंबरला फायनलमध्ये तिनं 87 रन केले, वर 2 विकेट काढल्या, प्लेअर ऑफ द मॅच. आणि प्रतिका व्हीलचेअरवर बसून मैदानात आली होती आनंद करायला. मी दोघींसाठी रडले. एकीचं नशीब उघडलं ते दुसरीच्या पायावर, थर्डमॅन दादा म्हणतात ते इथे अगदी खरं आहे. पण शफालीनं त्या दिवशी बॅट चालवली नसती तर नुसत्या जागेनं काय झालं असतं?

आणि त्या टीमचे कोच अमोल मुजुमदार, ज्यांनी मुंबईकडून रणजीत डोंगराएवढे रन केले, फर्स्ट क्लासचे अकरा हजारांवर, तरी इंडियाची एक मॅच मिळाली नाही कारण त्यांच्या काळात मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. मुंबईचे होते हं ते. म्हणजे मुंबईवाल्यांचं पण असं होतं, फक्त आपलंच नाही.

आपल्या अमरावतीची भारती फुलमाळी आठवते का कोणाला? 2019 मध्ये गुवाहाटीला इंग्लंडसमोर दोन टी-20 खेळली आणि मग वर्षानुवर्षं तिचं नाव कुठे आलं नाही. दोन मॅचमध्ये कोणाची परीक्षा होते? डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची आयपीएल, आली तेव्हा कुठे गुजरातकडून 2025 मध्ये तिला लोकांनी परत पाहिलं, काय फटके मारले तिनं. ती स्पर्धा पाच वर्षं आधी सुरू झाली असती तर किती पोरींचं आयुष्य वेगळं असतं याचा विचार केला की जीव तुटतो. माझी भाची शाळेच्या टीममध्ये खेळते, गावात मुलींची दुसरी टीमच नाही म्हणून पोरांसोबत खेळते, तिच्यासाठी मी हे सगळं बघत असते.

देवळी_स्विंग

ताईनं डब्ल्यूपीएलचं सांगतलं तेच मले म्हणाचं होतं, दिसणं लय महत्त्वाचं हाय. आमच्या वर्ध्याचा दर्शन नळकांडे. नोव्हेंबर 2021, मुश्ताक अलीची सेमीफायनल, कर्नाटकसमोर शेवटच्या ओव्हरले चार बॉलमंधी चार विकेट. चार! जगात किती जणाईनं केलं असन? पण ते मॅच आपण चार रननं हारलो, अन् दुसऱ्या दिवशी पेपरमंधी कोपऱ्यात. हेच आयपीएलच्या फायनलले झालं असतं तं देशभर पोस्टर लागले असते. रजनीश गुरबानीचं बी तसंच, 2017-18 ची रणजी फायनल, इंदूर, दिल्लीसमोर हॅटट्रिक, रणजीच्या फायनलमंधली फक्त दुसरी, त्या सिझनले 39 विकेट, शिकलेला इंजिनिअर माणूस, इंडियाची टोपी काही आली नाई.

अन् उमेश यादव, त्याच्याबद्दल कोणीच नाई लिहिलं अजून! खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत बाप कामाले, पोट्टं टेनिस बॉलवर जोरात टाकाचं, पोलीस भरतीत नाई लागलं, फौजेत नाई लागलं, अन् लेदर बॉल हातात आला तो पार एकोणीस-वीस वर्षाचा झाल्यावर. आपल्याकडं खेड्यातल्या पोट्ट्याले हेच मोठं अडते. टेनिस बॉलले शिवण नसते, हाताचा जोर अन् नुसता वेग, लेदर बॉलची शिवण सरळ ठेवून मनगट मागं कसं ठेवाचं हे चौदा-पंधराव्या वर्षी शिकलं तं आंगात उतरते. उमेशले ते उशिरा शिका लागलं म्हून त्याची लाईन कधी लेगस्टंपवर जायची, लोकं शिव्या द्यायची. मले नाई आवडत कोणी त्याले रन देणारा म्हणते तं. 2015 चा वर्ल्डकप, 18 विकेट, इंडियाकडून सगळ्यात जास्त, स्टार्क अन् बोल्टच त्याच्या वर. क्वार्टरफायनलले बांगलादेशसमोर 4, सेमीफायनलले ऑस्ट्रेलियासमोर 4. टेस्टमंधी 57 मॅच 170 विकेट. 2018 मंधी हैदराबादले वेस्ट इंडिजसमोर मॅचमंधी दहा. अन् इंडियातल्या पाटा पीचवर, जिथं तीन स्पिनर खेळतात अन् फास्ट बॉलरले सकाळी पाच अन् संध्याकाळी चार ओव्हर भेटतात, तिथं त्यानं शंभरावर विकेट काढल्या हो! आपल्या इथलं जुनं बॉल, खरबडीत आऊटफिल्ड, रिव्हर्स स्विंग, ते त्याच्याइतकं कोणाले येत होतं सांगा. पण परदेशात गेलं की शमी, इशांत, बुमराह, मंग उमेश बाकड्यावर. इथं स्पिनर पुढं, तिथं हे तिघं पुढं. बारा वर्षात 57 टेस्ट म्हंजे वर्षाले पाच बी नाई पडत. सतत खेळवला असता तं 250 पक्के होते.

काकाजी_पुसद

देवळी, उमेशबद्दल बोललास ते बरं केलं. तो दिल्लीले 2011 मंधी पयली टेस्ट खेळला तवा आमच्याकडे कपाशी वेचणी चालू होती अन् रेडिओवर नाव ऐकलं का वेचणाऱ्या बायका बी म्हणे, आपल्या नागपूरचा हाय ना तो? त्याच्या आधी प्रशांत वैद्य चार वनडे खेळून गेले 95-96 मंधी, बस तेवढंच होतं आमच्याजवळ. सी. के. नायडू जन्मले नागपूरले, इंडियाचे पयले टेस्ट कॅप्टन 1932 मंधी, पण रणजीत नाव झालं इंदूरच्या होळकर टीमचं. म्हून उमेश आमच्यासाठी नुसता बॉलर नव्हता.

वावरवाला_दर्यापूर

सगळ्याईचं वाचलं, दोनदा वाचलं. थर्डमॅन भाऊचं जितेशबद्दल पटलं, गिलचा फॉर्म अन् जितेशची जागा, मी असा विचारच कोणाकडून ऐकला नव्हता. मले मंग एक विचाराचं हाय. आता हर्ष दुबे. 2024-25 च्या रणजीत 69 विकेट, रणजीच्या इतक्या वर्षात एका सिझनले कोणीच नाई घेतल्या एवढ्या. डावखुरा स्पिनर, बॅटिंग बी येते. पण त्याच्या समोर जडेजा, अक्षर, कुलदीप, वॉशिंग्टन. थर्डमॅन भाऊच्या हिशोबानं याचं कसं?

नागपुरी_थर्डमॅन

हर्षचं मी लक्ष ठेवून आहे. जडेजा डिसेंबर 2025 मध्ये 37 चा झाला, म्हणजे टेस्टमधली डावखुऱ्या ऑलराऊंडरची जागा दोन-तीन वर्षांत नक्की हलेल, आणि हर्ष तेव्हा पंचविशीत असेल, फैजसारखा तिशीत नाही. करुणपेक्षा, उमेशपेक्षा त्याचं वय त्याच्या बाजूनं आहे. इंडिया ए, म्हणजे भारताच्या दुसऱ्या फळीच्या टीममध्ये घेतलं ते चांगलं झालं. त्याला फक्त एक करावं लागेल, बॅटिंगमध्ये मोठे स्कोअर, कारण अक्षर आणि वॉशिंग्टन दोघंही बॅटच्या जोरावर पुढे आहेत, नुसत्या विकेटनं त्यांना हलवता येत नाही. सातव्या नंबरवर येऊन दोन-तीन शतकं या सिझनला आली तर माझं मत आहे की 2027 च्या आत टोपी.

यवतमाळ_एक्सप्रेस

हर्षबद्दल सहमत. अन् तो कोणाची जागा हलाची वाट पाहात बसणारा वाटत नाई, लांब स्पेल टाकते, एकाच टप्प्यावर तीस-तीस ओव्हर. जानेवारीत रणजी परत सुरू होऊन रायली, जामठ्याले मॅच असली तं आमी तिघं जण गाडीनं जाऊन रायलो, एक जागा शिल्लक हाय, दर्यापूरवाले भाऊ तुमी अमरावतीपर्यंत या, तिथून घेतो.

वावरवाला_दर्यापूर

येतो भाऊ. तूर तवालोक निंघते, सोंगणी झाली का फोन करतो.